तपासून परत

४ जानेवारी

ताई,

नमस्कार, तब्येत कशी आहे वगैरे सगळं विचारलं असं समज. पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार, तीही धरून चालते. फोनच केला असता, पण माझा नंबर दिसला की तुझा फोन वाजत राहतो. पत्ता तुझ्या मुलीकडून घेतला. तिला बोलू नकोस, मी तीनदा मागितल्यावर तिने दिला.

मुद्द्याचं लिहिते. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी बारावीचं रसायनशास्त्र शिकते आहे. ऑनलाइन. हसून झालं की पुढे वाच.

गेली चौदा वर्षं मी एका जलतरण तलावाच्या पंपरूममध्ये काम करते. रोज सकाळी नळीत पाणी घ्यायचं, लाल औषधाचे पाच थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळा आला तर पाणी आंबट झालं, गुलाबी आला तर उलटं, मधला केशरी आला की दार उघडायचं आणि माणसं आत सोडायची. माझ्या पाण्याने चौदा वर्षांत कुणाचे डोळे चुरचुरले नाहीत. पण गेल्या वर्षी दुसऱ्या एका तलावावर एका शहाण्याने क्लोरीनच्या द्रावणाच्या बादलीत आम्ल ओतलं. वायू सुटला, अकरा माणसं दवाखान्यात गेली, आणि आमच्याकडे फतवा निघाला की यापुढे रसायनांना हात लावणारा माणूस बारावीचं रसायनशास्त्र पास हवा. मुदत जूनअखेर. नाही झालं तर लॉकरच्या चाव्या वाटायला बसायचं. आमच्या व्यवस्थापकाला आम्ही 'परिपत्रक' म्हणतो, कारण तो तोंडाने काही बोलत नाही, कागद चिकटवतो. हाही कागद त्याने पंपरूमच्या दारावर चिकटवला आणि निघून गेला.

कोर्समधला मास्तर पंचविशीचा आहे. दर दोन मिनिटांनी 'एकदम सोप्पं आहे' म्हणतो आणि मला त्याला पडद्यातून ओढून फिल्टरमध्ये घालावंसं वाटतं. शंका विचारायची तर एक चौकोन आहे, त्यात टाइप करायचं. मी विचारलं, मोल म्हणजे नक्की काय. उत्तर आलं, 'छान प्रश्न! हा व्हिडिओ पुन्हा बघा.' म्हणून तुला लिहिते आहे. माझ्या ओळखीत ज्याला हे खरोखर येतं असं माणूस एकच आहे, त्याला मी काय करू.

तर सांग. त्या बादलीतलं समीकरण मी असं मांडलं: एक रेणू हायपोक्लोराइट अधिक एक रेणू हायड्रोक्लोरिक आम्ल, मिळून एक मीठ, एक पाणी आणि एक क्लोरीन. कोर्स म्हणतो चूक. कुठे चूक ते सांगत नाही, नुसतं रडकं तोंड दाखवतो.

शेवटचं एक. ती चिठ्ठी माझी नव्हती. सत्तावीस वर्षं सांगते आहे, आजही सांगते. ते बाजूला ठेवून उत्तर दे. सही घरच्या नावानेच करते.

धांदल

१९ जानेवारी

ताई,

पत्राचं उत्तर मागितलं होतं, पत्र नाही. पाकीट जाड लागलं म्हणून मी खुळ्यासारखी खूश झाले, हात पुसून, चष्मा लावून उघडलं, तर आत माझंच पत्र. लाल पेनाने तपासून परत.

आम्लाच्या आधी '२' लिहिलास आणि खाली दोन रेघा मारल्यास. 'पाणी आंबट' खोडून 'आम्लधर्मी' केलंस. मोलच्या शेजारी 'डझन जसा मोजायचा शब्द, तसाच हा' एवढं लिहिलंस. ते मात्र समजलं, हे कबूल करते. त्या पोराने सतरा मिनिटं घेतली होती, तू सहा शब्द घेतलेस. पण ताई, सत्तावीस वर्षांनी बहिणीचं पत्र आलं तर माणूस निदान 'बरी आहेस ना' म्हणतो. तू समासात मोजण्याचे शब्द लिहितेस.

आणि 'ती चिठ्ठी माझी नव्हती' याच्याभोवती गोल. फुली नाही, शेरा नाही, नुसता गोल. वहीतल्या चुकीच्या पायरीभोवती तू असाच गोल करायचीस, पोरांनी स्वतः शोधावं म्हणून. मी तुझी विद्यार्थिनी नाही आता.

होते तेव्हा काय झालं ते तू विसरली असशील तर आठवण करून देते. तू सव्वीसची, शाळेत नवी लागलेली. मी सतराची, तुझ्याच वर्गात. बारावीच्या परीक्षेत तू पर्यवेक्षक होतीस. माझ्या बाकाजवळ थांबलीस, कंपास उचललीस, खालून चिठ्ठी काढलीस आणि सगळ्यांसमोर माझा पेपर घेतलास. घरी येऊन जेवायला वाढलंस. मला वर्षभर परीक्षेला बसू दिलं नाही, आणि नंतर मीच बसले नाही. आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं, चिठ्ठी मागच्या बाकावरून सरकवलेली होती. आईने माझं ऐकलं. त्यानंतर तिने तुझ्याशी बोलणं टाकलं, तुझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी तुझ्या घरची पायरी चढली नाही. गेली तेव्हा तू मागच्या रांगेत बसून परत गेलीस. हे सगळं एका चिठ्ठीपायी, आणि तुला त्यावर गोल करायला सुचतं.

असो. मोलचं गणित उलट्या पानावर करून पाठवते आहे. तपास.

धांदल

२१ फेब्रुवारी

ताई,

हे आपलं सहावं पत्र. 'आपलं' म्हणते खरं, पण लिहिते मी आणि रंगवतेस तू. पोस्टातली बाई आता मला ओळखायला लागली आहे. काल म्हणाली, "तुमचीच पत्रं तुम्हालाच परत येतात, पत्ता चुकतो का?" मी म्हटलं, "नाही बाई, पत्ता बरोबर आहे, माणूस तसं आहे."

नवऱ्याची वेगळीच तऱ्हा. तो शिवणयंत्रं दुरुस्त करतो, त्याला वाटतं जगातलं सगळं तेल घातलं की चालतं. म्हणाला, "कशाला डोक्याला ताप? चाव्या वाटायच्या, बसून काम." मी त्याला म्हटलं, उद्यापासून तू यंत्रांना हात लावू नकोस, फक्त गिऱ्हाइकाला खुर्ची पुसून दे. संध्याकाळी न सांगता माझ्यासाठी छापखान्यातून पाठकोरे कागद घेऊन आला, ज्याच्यावर मी हे लिहिते आहे.

आता अभ्यास. तुझ्या लाल शेऱ्यांची मी वेगळी वही केली आहे. 'आधी मोज, मग लिही.' 'बाणाच्या दोन्ही बाजूंना तेवढेच अणू, हरवायचा हक्क कुणाला नाही.' 'उत्तर बरोबर, रीत लपवली.' हे शेवटचं तू पाचव्या पत्रात लिहिलंस आणि दोन दिवस माझं डोकं फिरलं. रीत लपवली नव्हती, कागद संपला होता.

पण एक सांगते. परवा पाणी तपासताना थेंब टाकले आणि पहिल्यांदाच मला कळलं की रंग का बदलतो. चौदा वर्षं मी नुसता रंग बघत होते. पंपाच्या आवाजात एकटीच उभी राहून मोठ्याने समजावून सांगितलं, कुणाला ते विचारू नकोस. आईला सांगत होते बहुतेक. तिला त्यातलं काही कळलं नसतं, पण तिने 'हुशार गं माझी पोर' म्हटलं असतं. ते म्हणण्याआधी तिने तुलाही तसंच म्हटलं असतं, पूर्वी म्हणायची तसं. हे वाक्य मी खोडणार होते, पण तू खोडलेलंही वाचतेस.

परीक्षा एकोणतीस मार्चला.

धांदल

३० मार्च

ताई,

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

घरचं इंटरनेट मध्येच बसतं म्हणून परिपत्रकाने त्याची खोली दिली. खिडकी तलावावर उघडते. कॅमेरा लावला, ओळखपत्र दाखवलं, खोली फिरवून दाखवली, टेबलाखालीसुद्धा. तीन तास पेपर लिहिला. ताई, पेपर मला आला. सगळा नाही, पण आला. बादलीचं समीकरण तर पहिल्याच पानावर होतं, मी आम्लाच्या आधी दोन लिहिले आणि खाली रेघ मारायचा मोह आवरला.

पेपर दिला आणि पाचव्या मिनिटाला पडद्यावर लाल पट्टी. 'परीक्षार्थीची नजर एकशे सव्वीस वेळा पडद्याबाहेर एकाच दिशेला गेली. गैरप्रकाराचा संशय. निकाल रोखला आहे.'

नजर कुठे गेली असेल? पाण्याकडे. आमच्याकडे झाडूवाल्यापासून सगळ्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: तलाव चालू असताना दहा मोजायच्या आत एकदा पाण्याकडे बघायचं, डोकी मोजायची. मी बोलताना बघते, खाताना बघते. पेपर लिहिताना पण बघितलं असणार, मला कळलंसुद्धा नाही. तीन तासांत एकशे सव्वीस म्हणजे खरं तर कमीच, नोकरीच्या हिशेबाने मी कामचुकारपणा केला.

मदतकेंद्राला फोन लावला. यंत्र म्हणालं, "तुम्हाला झालेला त्रास मी समजू शकते." मी त्याला म्हटलं, तुला डोंबल समजतं. ते म्हणालं, "धन्यवाद. अजून काही मदत करू?"

आयुष्यात दुसऱ्यांदा माझा पेपर काढून घेतला, ताई. या वेळी मी काहीही केलेलं नाही.

धांदल

९ एप्रिल

ताई,

मागचं पत्र परत आलं, त्यावर एकच खूण. 'या वेळी' या दोन शब्दांखाली लाल रेघ. तुला झोप कशी लागते?

अपिलाचा अर्ज आला आहे. चार पानी. परिपत्रकाने पत्र दिलं की नजर पाण्याकडे जाणं हा आमच्या कामाचा भाग आहे. त्याच्या आयुष्यातला पहिला उपयोगी कागद. अपील मान्य झालं तर समोर माणूस बसवून पुन्हा परीक्षा घेणार.

अडलंय ते तिसऱ्या पानावर. प्रश्न अकरा: 'यापूर्वी कोणत्याही परीक्षेत गैरप्रकाराबद्दल आपल्यावर कारवाई झाली आहे का? हो / नाही.' 'हो' असेल तर खाली सगळा तपशील लिहायचा आणि तो खरा असल्याची सही करायची. आता तूच सांग, 'हो' म्हणणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवील? एकशे सव्वीस वेळा बाहेर बघितलं आणि वर जुनी चोर. ती शाळा बंद होऊन बारा वर्षं झाली. दप्तर कुठल्या गोदामात कुजत असेल. 'नाही'वर खूण केली तर कुणाला कळणार आहे?

नवरा म्हणतो, 'नाही' लिही आणि मोकळी हो. मलाही तेच वाटतं. अर्ज वीस तारखेपर्यंत द्यायचा आहे. मी तुला विचारत नाहीये, नुसतं सांगते आहे.

धांदल

१६ एप्रिल

ताई,

पत्र आज सकाळी आलं. 'कुणाला कळणार आहे?' याच्यापुढे तू लिहिलंस: 'मला.'

सत्तावीस वर्षांत तू माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. रसायनशास्त्र सोडून. मी तो पंपरूममध्ये उभ्याने वाचला, मग बादली पालथी घालून तिच्यावर बसले.

चिठ्ठी माझी होती.

मागच्या बाकावरून कुणी काही सरकवलं नाही. आदल्या दिवशी दुपारी तू आंघोळीला गेलीस तेव्हा तुझ्या टाचणवहीचं शेवटचं पान मी फाडलं, त्यावर बारीक अक्षरात समीकरणं लिहिली आणि कंपासखाली ठेवली. निळ्या समासाचा कागद होता, तसा कागद त्या घरात फक्त तुझ्या वहीत होता. म्हणजे तुला चिठ्ठी उघडायच्या आधीच कळलं असणार. आणि तू आईला हे कधीच सांगितलं नाहीस. एक वाक्य बोलली असतीस तर माझं खोटं तिथेच उघडं पडलं असतं. 'वही आण, पान बघ,' एवढंच. का बोलली नाहीस, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. मला एकदा शाळेत पकडलं होतंस, घरात पुन्हा पकडायचं नव्हतं तुला.

मी आईची शपथ घेऊन खोटं बोलले. तिने तुझ्याशी बोलणं टाकलं, आणि मला बरं वाटलं. हे लिहायला फार जड जातंय पण लिहिते, बरं वाटलं. सगळे म्हणायचे, बहीण शिकवते म्हणजे हिला येतच असेल. मला काही येत नव्हतं, आणि तुला विचारायची लाज वाटायची. तू घरात आईची हुशार मुलगी होतीस. तुझं ते एक तरी माझ्याकडे आलं असं वाटलं. मग खोटं जुनं होत गेलं आणि मलाच खरं वाटायला लागलं. आईच्या शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं होतं, "खरं सांग गं, काय झालं होतं?" मी म्हटलं, "झोप आता." तेव्हा सांगायला हवं होतं. तू तेव्हा दोन रस्ते सोडून पलीकडे राहायचीस, दहा मिनिटांत आली असतीस. मी सांगितलं नाही. माफी मागायला शब्द शोधले, पण एकही पुरेसा वाटला नाही, म्हणून नुसतं खरं काय ते लिहिलं आहे.

प्रश्न अकरावर 'हो' लिहिलं. तपशिलात वर लिहिलं तेच, कमी शब्दांत. सही केली, अर्ज आजच टाकते.

अभ्यास चालू ठेवला आहे. ते बादलीचं पुन्हा मांडते, तपास: एक हायपोक्लोराइट अधिक एक हायड्रोक्लोरिक आम्ल, मिळून एक मीठ, एक पाणी, एक क्लोरीन.

धांदल

१२ मे

ताई,

चार आठवडे होत आले. पत्र परत आलं नाही. पोस्टातली बाई आता मला बघितलं की आधीच मान हलवते.

फाडलंस का? फाड, तुझा हक्क आहे. पण मग लाल पेनाने मोठी फुली मारून तरी पाठवायची होती. मला तुझ्या शेऱ्यांची सवय लागली आहे, तूच लावलीस. निदान खाली मार्क दे, शून्य दे.

इकडे मी लॉकरच्या खिडकीत बसते आहे. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत पंपरूममध्ये जायचं नाही, असा कागद दारावर लागला. माझ्या जागी एक प्रमाणपत्रवाला आला आहे. त्याला सगळी सूत्रं पाठ आहेत आणि नळी सरळ धरता येत नाही. काल पाणी इतकं गुलाबी केलं की दोन बायका डोळे चोळत बाहेर आल्या. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "आधी आम्ल, थोडं थोडं, आणि बादली वेगळी." तो म्हणाला, "मावशी, तुम्ही चाव्या बघा." बघते आहे. एकशे चाळीस चाव्या आहेत आणि सत्तावीस नंबरची हरवली आहे.

अपील मान्य झालं. 'हो' लिहूनही. परीक्षा चोवीस तारखेला, एका शाळेच्या वर्गात, समोर एक माणूस बसणार. पत्रात खाली लिहिलं होतं, 'स्पष्ट माहितीबद्दल आभार.' यंत्राने लिहिलं की माणसाने ते कळलं नाही.

ताई, काहीतरी लिही. गोल कर हवं तर.

धांदल

१४ जून

ताई,

आधी निकाल. अडुसष्ट. समोर बसलेल्या बाई तीन तास विणकाम करत होत्या आणि वर्गाला खिडकी होती ती भिंतीकडची. तरी मी दहा-दहा मोजून भिंतीकडे बघत होते. परवापासून पुन्हा पंपरूममध्ये जाणार. परिपत्रक स्वतः येऊन तोंडाने "अभिनंदन" म्हणाला, मग घाबरल्यासारखा निघून गेला.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

काल तुझ्या मुलीचा फोन आला. तुला पुन्हा सांगते, तिला बोलू नकोस. ती म्हणाली, "मावशी, तू आईला काय लिहिलंस गं एप्रिलमध्ये?" मी म्हटलं, का? तर म्हणाली, ते पत्र आलं त्या संध्याकाळी तू आतल्या खोलीचं दार लोटून घेतलंस. तिला वाटलं तू फोनवर बोलते आहेस. फटीतून बघितलं तर तू आईच्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसली होतीस आणि माझं पत्र मोठ्याने वाचत होतीस. पहिल्यापासून. वर्गात धडा वाचतेस तशी, सावकाश. निळ्या समासाच्या कागदाशी थांबलीस, चष्मा पुसलास, पुन्हा वाचायला लागलीस. शेवटपर्यंत वाचून घडी घातलीस आणि फोटोच्या मागे ठेवलंस. अजून तिथेच आहे म्हणाली.

मी तिला एकच विचारलं. शेवटचं ते समीकरण वाचलं का तुझ्या आईने? म्हणाली, "हो, वाचलं. एक हायपोक्लोराइट अधिक दोन आम्ल, असं काहीतरी." मी म्हटलं, नक्की दोन? म्हणाली, "दोनच. दोनवर जोर दिला होता."

ताई, मी तिथे मुद्दाम एक लिहिलं होतं. पेपरात बरोबर लिहून आलेली बाई पत्रात कशाला चुकेल? चूक दिसली की तुला राहवत नाही, तू तपासून परत पाठवशीलच, म्हणून घातली होती. नाही पाठवलंस तेव्हा मला वाटलं, आता तू माझ्या चुकांनाही हात लावणार नाहीस. आठ आठवडे मी तेच धरून बसले होते. आणि तू ती चूक आईसमोर तोंडीच दुरुस्त करून टाकलीस.

मला खूप रडू आलं. लॉकरच्या खिडकीत, एक माणूस चावी मागत उभा असताना. त्याने विचारलं, "क्लोरीन जास्त झालं का?" मी म्हटलं, हो.

रविवारी तलाव बंद असतो. मी येते आहे, अकराच्या सुमारास. फोन करणार नाही, तू उचलणार नाहीस. ते पत्र मला एकदा आईसमोर वाचायचं आहे, माझं मी. तू शेजारी बस, चुकलं तर सांग.

धांदल